जागा संपली म्हणून ई-मेलचा पत्ता बदलावा का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे जीमेल खाते बरेच जुने आहे. जागा संपत आल्याची सूचना आता रोज येते. मुलगा प्रोटॉन मेल घ्या म्हणतो, शेजारी थंडरबर्ड सुचवतात. दोहोंपैकी काय निवडावे?

उत्तर : या दोन सूचनांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण प्रोटॉन मेल ही पत्ता आणि जागा देणारी सेवा आहे, तर थंडरबर्ड हा तुमच्या सध्याच्याच पत्त्यावरचे ई-मेल संगणकावर वाचण्याचा मोफत प्रोग्राम आहे. प्रोग्राम आज बसवून उद्या काढता येतो. पत्ता मात्र बँक, निवृत्तिवेतन, आयकर अशा सगळीकडे नोंदवलेला असतो. त्यामुळे केवळ जागेसाठी पत्ता बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोटॉनचा भर गोपनीयतेवर असून तिच्या मोफत खात्यात जीमेलपेक्षा पुष्कळच कमी जागा मिळते. शिवाय ते खाते थंडरबर्डला जोडायचे तर पैसे भरावे लागतात.

गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींत मिळून असते, तेव्हा ती नेमकी कशाने भरली हे आधी पाहावे. बहुधा फोटोच निघतील! ई-मेलच असतील, तर जीमेलच्या शोधचौकटीतील पर्यायांत आकारमान १० एमबीहून अधिक असे निवडल्यास जडच्या जड जोडपत्रांचे ई-मेल एका ठिकाणी दिसतील.

त्यांतले जपून ठेवायचे ई-मेल थंडरबर्डमध्ये उतरवता येतात, पण येथे सावध राहावे. खाते आयमॅप पद्धतीने जोडलेले असले की संगणकावर दिसतो तो सर्व्हरवरचाच, म्हणजे गूगलच्या संगणकांवरचाच साठा असतो, त्यामुळे थंडरबर्डमध्ये पुसलेला ई-मेल फोनवरूनही नाहीसा होतो. म्हणून जुने ई-मेल आधी थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे फक्त तुमच्या संगणकावर राहणाऱ्या फोल्डरमध्ये, कॉपी करावेत, दोन-चार उघडून जोडपत्रांसह पूर्ण आले आहेत ना याची खात्री करावी, त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि मगच मूळ ई-मेल पुसावेत. जीमेलच्या कचरापेटीत ते आणखी ३० दिवस राहतात आणि तोवर जागाही अडवतात. पेटी रिकामी केल्यावरही जागेचा आकडा लगेच बदलला नाही, तर थोडा वेळ वाट पाहावी.