रनिंग कोणी पाडलं?

प्रश्न : मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक. 2015ची गाडी जून 2021मध्ये मडगावच्या एका सेकंडहँड डीलरकडून 2,60,000 रुपयांना घेतली. मीटरचं रीडिंग 41,000 किलोमीटर होतं. ‘मालक नोकरीला रोज फोंडा-पणजी करायचे, गाडी हायवेलाच पळाली आहे,’ असं डीलर म्हणाला. यंदा ती एका शोरूममध्ये एक्स्चेंजला दिली. रीडिंग 63,200. त्यांच्या माणसाने बॉनेट उघडून, चक्कर मारून 2,10,000 ठरवले. नवी गाडी दारात आली आणि वीस दिवसांनी पत्र : कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जानेवारी 2020लाच 87,400ची नोंद आहे, तुम्ही मीटर मागे फिरवलंत, 70,000 भरा, नाहीतर पोलिसांत जाऊ. पत्नी म्हणते, भरून टाका, अब्रू जाईल. भरू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भरू नका, सर. वहिनींना सांगा, भरलेत तर मीटर तुम्हीच फिरवलं असं कबूल केल्यासारखं दिसेल.

आधी थोडं तुमच्यावर रागावतो. फोंडा ते पणजी साधारण 30 किलोमीटर. जाऊन-येऊन 60, वर्षाला 300 दिवस धरले तरी 18,000. सहा वर्षांत लाखाच्या वर. डीलरने खरं काय ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तुम्ही 41,000 वाचून खूश झालात. गणित शिकवत नव्हतात ना?

विमा सर्व्हेअर म्हणून मी बरीच वर्षं गाड्या पाहिल्या. बोरी पुलाजवळ ठोकलेली एक गाडी आठवते. मीटर 38,000. क्लच पेडलचं रबर मात्र इतकं गुळगुळीत की चप्पल घसरावी. बॉनेटखाली ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर, त्यावर पेनाने लिहिलेलं : पुढचं ऑइल 82,000ला. मीटर पाडणाऱ्याला, म्हणजे आकडा मागे फिरवणाऱ्याला, स्टिकर खरवडायचं सुचलं नव्हतं. डिजिटल मीटर आले की हे थांबेल असं लोकांना वाटायचं. उलट आता स्क्रू खोलायचेही कष्ट नाहीत.

तुमच्या प्रकरणातला स्टिकर म्हणजे ते सर्व्हिस रेकॉर्ड. शोरूमने ते तुमच्यावर रोखलं आहे, पण सुटका त्यातच आहे. जानेवारी 2020ला 87,400 आणि जून 2021ला तुमच्या खरेदीच्या कागदावर 41,000. म्हणजे आकडा पडला तो या दोन तारखांच्या मध्ये, गाडी तुमच्या हाती येण्याआधी. डीलरची पावती, डिलिव्हरी नोट, पहिल्या सर्व्हिसचं बिल, विम्याची तपासणी झाली असेल तर तो कागद, जे जे रीडिंग लिहिलेलं सापडेल ते तारखेने लावा. फसवणुकीच्या गुन्ह्याला मुळात फसवायचा हेतू लागतो. तो तुमचा नव्हता हे कागदच बोलतील.

आता अडचणीची बाजू. एक्स्चेंजच्या फॉर्मवर तुमची सही असेल. तिथे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द आहेत का पाहा. नसतील तर शोरूमचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, कारण 1872च्या करार कायद्यानुसार नकळत केलेल्या चुकीच्या विधानावरूनही समोरचा व्यवहार रद्द करू शकतो. पण त्याच कायद्याच्या कलम 19ला अपवाद आहे : साधी काळजी घेऊन खरं कळण्याची सोय ज्याच्याकडे होती, त्याला मग तसं करता येत नाही. रेकॉर्ड त्यांच्याच कंपनीचं, संगणक त्यांच्याच टेबलावर. वीस दिवसांनी उघडला तो आधी का नाही? मात्र ‘फरक निघाल्यास गाडी देणारा भरून देईल’ असं कलम छापलेलं असेल, तर उत्तर पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

फोनवर बोलत बसू नका. स्पीड पोस्टने पत्र पाठवा : रीडिंग मी पाडलेलं नाही, ही माझी कागदपत्रं, तुमच्या तपासणी अहवालाची प्रत द्या. आणखी एक वाक्य घाला, ते फार महत्त्वाचं : ‘खरं रनिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त आहे हे आता आपल्यालाही माहीत आहे.’ यानंतर 63,200 दाखवून त्यांनी गाडी पुढे खपवली तर फसवणारे ते ठरतील. गाडी ताब्यात दिल्याची फॉर्म 29सीची ऑनलाइन नोंद झाली का, तेही विचारा. जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी 1 एप्रिल 2023पासून हा नियम आहे.

मडगावच्या डीलरला सोडू नका. तो धंदेवाईक विक्रेता, तुम्ही ग्राहक. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाही भागलं तर दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. मुदत दोन वर्षांची. तो म्हणेल, 2021चं प्रकरण, मुदत संपली. तुम्ही म्हणायचं, मला कळलं ते शोरूमच्या पत्राने. म्हणून ते पत्र आलेलं पाकीटसुद्धा फेकू नका, त्यावर टपालाच्या शिक्क्याची तारीख आहे.