रिपोर्टमधलं एक अक्षर

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय,

तुझ्या जनुक-चाचणीचा रिपोर्ट वाचला. ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक; ते टिपणारं पेशीचं प्रथिन म्हणजे त्याचा रिसेप्टर. त्या रिसेप्टरच्या जनुकात एका जागी डीएनएचं 'जी' अक्षर असतं त्याऐवजी 'ए', आणि खाली ठळक अक्षरांत 'चिंतेकडे कल'. एवढ्यावरून तू तोंडी परीक्षेला बसणार नाहीस? आईने फोन केला नसता तर मला कळलंही नसतं.

ते अक्षर ओळखीचं आहे. एकेकाळी त्याच्यावर खूप जण भाळले होते. 2014 मध्ये बरेच अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा सामाजिक वागणुकीतला फरक जवळजवळ उरला नाही. प्रेअरी व्होल नावाच्या, जोडीने राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यात तर हा रिसेप्टरच काढून टाकला, तरी जोड्या जमल्या; ते 2023 मध्ये छापून आलं. रिपोर्ट विकणाऱ्यांपर्यंत अजून पोचायचंय.

मला जास्त रस आहे तो दुसऱ्या रिसेप्टरमध्ये. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक सुटतं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातले रिसेप्टर ते टिपतात आणि 'आता पुरे' असा निरोप धाडतात. रिसेप्टर कमी, तर निरोप उशिरा. छाती धडधडतच राहते. उंदरांत हे संप्रेरक थोडं वेगळं, पण रिसेप्टर तोच. माँट्रियलच्या मायकेल मीनींच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं, की आई ज्या पिल्लांना जास्त चाटते त्यांच्यात तो जास्त बनतो. जनुकाचं एक अक्षरही बदलत नाही, त्यावर चिकटून त्याला गप्प करणारे मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) तेवढे कमी. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीच्या कुशीत टाकली, तर तीही शांत निघतात. तू उंदीर नव्हेस, कबूल. म्हणून यातून 'आईचं चुकलं' असलं काही काढू नकोस!

वारसा नाहीच असं मी म्हणत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत चिंतेच्या विकारांमागे साधारण 30 ते 40 टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. पण तो असंख्य जनुकांत चिमूट-चिमूट वाटलेला. तुझ्या 'ए'च्या पदरात काय पडणार?

झोपच उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. 'ठाण्याला पाठवा' हा आपला जुना, वाईट विनोद. त्याला घाबरून कितीजण इथल्या मनोरुग्णालयाची पायरी चढत नाहीत. तिथल्या ओपीडीत साधी, नोकरदार माणसंच रांगेत असतात.

आणि मंगळवारी संध्याकाळी तलावपाळीला ये. मी परीक्षक बनतो, तू उत्तरं दे. रिपोर्ट घरी ठेव, वही आण.

तुझा,
सर