ग्वाल्हेरची छोटी लाईन : वाचकांचे प्रश्न

ग्वाल्हेर–श्योपूर ही दोन फुटी (म्हणजे दोन रुळांमधले अंतर, गेज, दोन फूट असलेली) लाईन जवळजवळ २०० किलोमीटरची. तिची गाडी मार्च २०२० मध्ये थांबली, ती पुन्हा सुटली नाही. ब्रॉडगेजचे काम बामोर, सुमावलीच्या बाजूने पुढे गेले आणि शहरातला घोसीपुरा, मोतीझीलचा जुना तुकडा मागे पडला. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : घोसीपुऱ्याच्या पुढे पटरी नेमकी कुठून जायची, हे आता आम्हा घरच्यांनाही सांगता येत नाही. नातवंडांना दाखवायची आहे. कशी शोधावी? (एक आजोबा, लष्कर भाग, ग्वाल्हेर)

आजोबा, आधी कागदावर शोधा, पायी नंतर. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे जुने नकाशे मिळवा. ग्वाल्हेर शहर ५४ जे/४ या पानावर येते. शहराच्या उत्तरेचा भाग ५४ जे/३ वर. जौऱ्याकडे जायचे असेल तर ५४ एफ मालिका लागते. या नकाशांवर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. ब्रॉडगेज आणि इतर गेज यांच्या खुणा वेगळ्या असतात, म्हणून समासातला खुणांचा तक्ता आधी पाहून घ्या. भरावाजवळ ‘३ आर’ असे काही छापलेले दिसले तर तो भराव आजूबाजूच्या जमिनीपासून ३ मीटर उंच आहे असे समजा. ही नोंद फार उपयोगाची, कारण रूळ उचलले तरी इतका उंच भराव सहजासहजी नाहीसा होत नाही.

नकाशावरची रेघ मोबाइलमधल्या उपग्रहचित्रावर जुळवा. जुन्या वर्षांची चित्रे दाखवणारी सोय वापरली तर जास्त बरे. सरळ गल्ल्यांच्या वस्तीत एखादी घरांची ओळ किंवा कुंपण उगाचच सावकाश वळत गेलेले दिसते. पुष्कळदा तीच जुनी हद्द असते.

जमिनीवर पोचल्यावर चढाकडे लक्ष द्या. बैलगाडीची वाट उंचवट्यावर चढते आणि ओढ्यात उतरते. रेल्वेची वाट उंचवटा कापते, ओढ्यावर भराव घालते. दोन्ही बाजूंना उथळ, लांबट खड्डे असतील तर भरावाची माती तिथूनच काढलेली असते. भरावाचा उतार साधारण दोनास एक असतो. म्हणजे पायथ्याची रुंदी ही माथ्याची रुंदी अधिक उंचीच्या चौपट. माथ्यावर घर उभे राहिले असले तरी पायथा मोजून मधली रेषा काढता येते. खडी हातात घेऊन पाहा : रेल्वेची खडी फोडलेली, धारदार कोपऱ्यांची असते, नदीतली गोटी गुळगुळीत. स्टेशनच्या जागी काळी, सच्छिद्र राख सापडली तर ती कोळशाच्या इंजिनांची.

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे जुनी फाटके. तिथे कित्येकदा रूळ न काढता वरून डांबर घातलेले असते. दोन्ही रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजा. ते ६१० मिलिमीटरच्या आसपास आले तर छोटी लाईन. ७६२ आले तर गल्लत झाली आहे. तो धौलपूरच्या लाईनचा गेज. जुन्या फोटोंमध्येही या दोन लाईनी एकमेकींच्या नावावर खपतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. गाडी बंद झाली तरी जमीन रेल्वेचीच राहते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली बेकायदा प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलांना सार्वजनिक रस्त्यांवरून आणि फाटकांवरूनच दाखवा, तेवढ्यातही पुष्कळ दिसते.

प्रश्न : तीच पटरी रुंद करून शहरातूनच मोठी गाडी का नेली नाही? (मुरार)

मुख्य अडचण वळणांची. रेल्वेत वळण अंशांत मोजतात, आणि १७५० ला अंशांनी भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंश चालतात, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. अडीच फुटी नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत मुभा आहे, म्हणजे सुमारे ४४ मीटर. दोन फुटीची गाडीही अशीच आखूड वळणे घेते. म्हणून जुन्या आखणीने वस्ती, नाला, टेकडी यांना वळसे घालत स्वस्तात वाट काढली.

हे स्वतः मोजून पाहता येते. रूळ जागेवर असतील तर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ११.८ मीटरची दोरी ताणा आणि मध्यावर दोरी व रूळ यांतले अंतर घ्या. जितके सेंटिमीटर, तितके अंश. रूळ गेले असतील तर भरावाच्या कडेवर लांब दोरी घ्या : दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले मधल्या अंतराची आठपट म्हणजे त्रिज्या. समजा, ३० मीटर दोरीला मध्ये ७५ सेंटिमीटर आले. त्रिज्या १५० मीटर, वळण पावणेबारा अंशांच्या आसपास. इथे ब्रॉडगेज बसणारच नाही. भरावाची कडा ढासळलेली असेल तर एकाच मापावर विसंबू नका. पाच-पाच मीटर सरकत चार-पाच मापे घ्या आणि सरासरी काढा. दोरी नायलॉनची नको, ती ताणते.

याशिवाय ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटरपर्यंत रुंद असतो. घरांच्या भिंतींमधून तो नेण्यासाठी किती घरे पाडावी लागली असती याचा विचार करा. जुनी वाट सोडली ते बरोबरच केले, असे आम्हाला वाटते. पण सोडण्याआधी तिची नीट मोजणी करून ती लोकांसमोर ठेवायला हवी होती.

प्रश्न : जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी याच लाईनवर चालायची का? (एक विद्यार्थिनी)

नाही. ती जेवणाच्या टेबलावरच्या छोट्या रुळांवर पाहुण्यांपुढे पेये आणि सिगार फिरवणारी गाडी. मात्र दोन्हींच्या मागे त्या काळचे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचीच रेल्वेची हौस. भिंड आणि शिवपुरीच्या लाईनी १८९९ मध्ये सुरू झाल्या, श्योपूरला गाडी १९०९ मध्ये पोचली.

प्रश्न : भंगाराच्या दुकानात रुळाचा हातभर तुकडा पाहिला. त्यावर ‘५० आर’ असे उठावदार आहे. लाईन सुरू झाली तेव्हाचा असेल का? घेऊ का? (थाटीपूर)

५० म्हणजे एका यार्डाला ५० पौंड, मीटरला सुमारे २४.८ किलो. आर म्हणजे ब्रिटिश मापांची सुधारित आवृत्ती. सुरुवातीच्या दिवसांतला रूळ तो नव्हे, नंतरचा आहे. ३० सेंटिमीटरचा तुकडा साडेसात किलोच्या जवळ भरायला हवा. बराच कमी भरला तर डोके झिजलेले आहे. शेजारी कारखान्याचे नाव आणि वर्षही असेल, पण ते रूळ घडवल्याचे वर्ष, इथे घातल्याचे नव्हे. मोठ्या लाईनीवरून उतरवलेले रूळ दुय्यम लाईनींवर घालण्याची पद्धत होती.

विकत मात्र तसाच घेऊ नका, भाऊ. रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. माल चोरीचा असावा असा वाजवी संशय आला तर तो रीतसर मिळाल्याचे तुम्हालाच दाखवावे लागते, आणि पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दुकानदाराकडे रेल्वेच्या लिलावाची पावती असेल तर तिची प्रत आणि स्वतःच्या नावाचे बिल घ्या. पावती नसेल तर अक्षरांचा फोटो काढा आणि तुकडा तिथेच ठेवा.

प्रश्न : वडिलांनी याच लाईनवरच्या सबलगढ, कैलारस स्टेशनांची पुठ्ठ्याची तिकिटे जपली होती. पिवळी पडली आहेत. लॅमिनेट करावीत का? (मूळ ग्वाल्हेरचे वाचक, पुणे)

कृपा करून करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकट थर पुठ्ठ्यात मुरतो आणि पुन्हा निघत नाही. तारखेच्या यंत्राने दाबून उठवलेले आकडेही त्यात सपाट होतात, आणि पुष्कळदा तिकिटावरची तारीख तेवढीच असते. सेलोटेप, रबरबँड, स्टेपल हेही नको.

मऊ ब्रशने धूळ झाडा. पाणी, खोडरबर लावू नका. मग दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा. दाबलेली तारीख स्कॅनमध्ये उमटत नसेल तर तिकीट खिडकीशी ठेवून बाजूच्या तिरप्या उजेडात फोटो घ्या, आकडे सावलीने उठून दिसतात. प्रत्येक तिकीट पॉलिएस्टरच्या वेगळ्या पाकिटात ठेवा. बाजारातले स्वस्त अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांनी शाई उचलली जाते. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल लागेल, तेही दर महिन्याला तपासून बदला.

कोणत्या प्रवासाचे, कोणाचे, हे वडिलांकडून ऐकले असेल तर तिकिटावर न लिहिता वेगळ्या आम्लरहित कागदावर मऊ पेन्सिलीने लिहा आणि दोन्हींवर एकच क्रमांक ठेवा. तिकिटाचा छापील क्रमांकच घेतला तर चुकायची भीती नाही.