बॅटन सुटला, तेव्हा चूक कोणाची होती?

“आमच्या मुलामुळे संघ हरला असे सगळे म्हणतात आणि तो आता शाळेत जायलाच तयार नाही, तर त्याला खेळातून काढून घ्यावे का?” शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हमखास येतो. विचारणाऱ्या पालकांच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते, आणि ते ‘हो’ असे असते. मला ते उत्तर घाईचे वाटते. का, हे सांगण्यासाठी ऐरोलीच्या एका कुटुंबाचा अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; मुलाला आपण अथर्व म्हणू या.

अथर्व नववीत होता आणि १७ वर्षांखालील गटात शाळेच्या ४ × १०० मीटर रिले संघात दुसऱ्या टप्प्यावर धावत असे. महापालिका पातळीवरील स्पर्धेत तिसऱ्या टप्प्याच्या मुलाला देताना बॅटन, म्हणजे रिलेत एका धावपटूने दुसऱ्याच्या हाती द्यायची छोटी नळी, खाली पडला. ज्याच्या हातून बॅटन सुटतो त्यानेच तो उचलायचा असा नियम असल्यामुळे, शेजारच्या लेनपर्यंत गडगडत गेलेला बॅटन अथर्वला मागे फिरून आणावा लागला आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या साऱ्या शाळेने नेमके तेवढेच पाहिले. त्याच संध्याकाळी ती चित्रफीत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागली. पुढच्या सोमवारपासून सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखू लागले; डॉक्टरांनी तपासले, पण काही सापडले नाही.

आई रोज त्याला समजावत होती की तुझी काहीच चूक नाही. वडिलांचे म्हणणे होते की त्याने बॅडमिंटन खेळावे, म्हणजे हरला तरी आपल्यापुरता हरेल आणि कोणाचे ऐकून घ्यावे लागणार नाही. दोघांचे प्रेम खरे होते. तरीही दोघांच्या बोलण्याने मुलगा अधिकच गप्प होत गेला. मुलाला स्वतःला जे माहीत असते ते आपण नाकारले, तर त्याला धीर येत नाही, फक्त बोलायला जागा उरत नाही. आणि खेळच बदलून दिला, तर लोक म्हणतात ते खरे आहे असा त्याचा अर्थ तो लावतो.

म्हणून मी त्याला चूक कोणाची हे विचारलेच नाही. रिलेतली देवाणघेवाण कशी करतात ते मला दाखव, एवढेच म्हटले. त्याने टेबलावरची फूटपट्टी उचलली, कारण बॅटनची लांबी २८ ते ३० सेंटिमीटर असते, आणि बरेच दिवसांत पहिल्यांदा तो सलग बोलू लागला. एकदा धावू लागला की घेणारा धावपटू मागे पाहत नाही. देणाऱ्याची हाक आली की तळवा उघडून हात मागे नेतो. हे सारे ३० मीटरच्या पट्ट्यातच पूर्ण व्हावे लागते. घेणाऱ्याने कधी निघायचे हे ठरवण्यासाठी मागे जमिनीवर एक खूण केलेली असते. देणारा त्या खुणेवर पोहोचला की घेणाऱ्याने सुटायचे. ती खूण दोघांच्या वेगावरून, सरावात मोजून ठरवतात. “मग त्या दिवशी खूण कुठे होती?” असे मी विचारल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “ऑगस्टमधलीच होती, मॅडम.”

ऑगस्टनंतर अथर्वला ताप येऊन गेला होता. त्यातून उठल्यावर पाय जड वाटत होते, पण जागा जाईल या भीतीने त्याने हे सरांना सांगितले नाही. सहामाही परीक्षेमुळे सराव तुटक झाला आणि खूण पुन्हा कोणी मोजली नाही. घेणारा मुलगा ठरल्याप्रमाणे अगदी वेळेवर सुटला, मंदावलेल्या अथर्वला त्याला गाठता येईना, आणि शेवटच्या क्षणी हात ताणून दिलेला बॅटन निसटला.

अथर्वच्या संमतीने मी त्याच्या क्रीडाशिक्षकांशी बोलले. त्यांनी चारही मुलांना एकत्र बसवून तीच चित्रफीत पुन्हा दाखवली, आणि खूण तपासणे हे आपले काम होते, हे त्यांनी मुलांसमोर स्पष्टपणे सांगितले. शिक्षकाने असे म्हणणे ही मोठी गोष्ट आहे. त्यानंतर अथर्वने तापाचे सांगितले. तिसऱ्या टप्प्याच्या मुलाने, अथर्व मागे पडतोय हे आपल्याला सरावात जाणवले होते पण आपण बोललो नाही, असे सांगितले. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला या दोन्ही ४ × १०० मीटर संघांचा बॅटन प्राथमिक फेरीतच पडला होता, हेही सरांनी त्यांना सांगितले. ग्रुपवरची चित्रफीत वर्गशिक्षिकांनी काढून टाकायला लावली. ते आवश्यकच होते, पण तेवढ्याने मुलगा शाळेत परतला नसता.

तो परतला, कारण त्याच्या वाट्याला आता एक नेमकी, मापात बसणारी चूक आली होती: पाय जड असल्याचे त्याने सांगितले नव्हते. अशी चूक दुरुस्त करता येते. ‘माझ्यामुळे सगळे हरले’ या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नसते. शाळेतल्या सांघिक खेळातून मुलांना मिळण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते हीच आहे. सांघिक भावना या नावाखाली आपण भाषणे खूप देतो, पण हरल्यानंतरचा हा अर्धा तास फार थोड्या शाळा मुलांना देतात.

पालकांनी सामन्यानंतर लगेच धीर देण्याची वा कारणे शोधण्याची घाई करू नये. मुलाला खाऊ द्यावे, झोपू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी, काय झाले ते मला नीट समजावून सांग, असे म्हणावे. मात्र झोप, जेवण आणि शाळेत जाणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, किंवा मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखे बोलू लागले, तर खेळाचा प्रश्न बाजूला ठेवून तज्ज्ञांकडे जावे. जगण्याविषयीचे असे बोलणे एकदा जरी कानावर आले, तरी दोन आठवडे थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.

काही महिन्यांनी अथर्वच्या आईचा पुन्हा फोन आला. शाळेच्या क्रीडामहोत्सवात त्याला रिलेत घेतले नव्हते आणि त्यांना वाटले की जुना राग निघाला. मी त्यांना मुलालाच विचारायला सांगितले. घोटा दुखत असल्याचे त्यानेच सकाळी सरांना सांगितले होते, आणि त्याच्या जागी धावणाऱ्या मुलाची खूणही त्यानेच मोजून दिली होती.