भ्रूणहत्या, गर्भपात, लिंगनिवड आणि 'सुप्रजनन'

प्रश्न असा आहे : पुण्यातल्या एका संस्थेचं आरोग्यविषयक माहितीपत्रक मराठीत करताना 'अबॉर्शन'साठी 'भ्रूणहत्या' लिहिलं तर चालेल का? आणि 'युजेनिक्स'ला, म्हणजे कोणी जन्मावं आणि कोणी नाही हे ठरवून माणसाचा वंश 'सुधारण्याच्या' विचाराला, मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे ब्रह्महत्येच्या बरोबरीचं पातक. शब्द उच्चारला की निकाल लागलाच. 1971च्या कायद्याने गर्भपात अटींसह वैध आहे. बेकायदा आहे ती लिंगनिवड. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर 'स्त्रीभ्रूणहत्या' वाचून नवव्या आठवड्यातली बाई गर्भपातच बंद आहे असं समजते आणि भलत्याच ठिकाणी गोळ्या मागायला जाते. म्हणून गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या हा शब्द टाळून 'लिंगनिवड' म्हणतात. शिवाय तो नेमकाही नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या व्याख्येत फलनानंतर 56 दिवसांपर्यंत भ्रूण, 57व्या दिवसापासून गर्भ. सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं तोवर ही मुदत उलटून गेलेली असते.

'गर्भपात' चालेल, पण त्यातही एक गोची आहे. बोलीत 'पोट पडलं' आणि 'पाडलं' यांत आपोआप काय झालं आणि ठरवून काय केलं, हे एका कान्यावर कळतं. 'पात' दोन्ही गिळून टाकतो. (आयुर्वेदातला भेद वेगळाच : चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पुढे गर्भपात.) म्हणून पत्रकात 'आपोआप झालेला' किंवा 'करून घेतलेला' असं जोडा. 'पिशवी साफ केली' हे तर मुळीच नको. जास्त रक्तस्रावासाठी केलेल्या क्युरेटिंगलाही (गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याला) लोक तेच म्हणतात, आणि घाईत वाचणारा 'पिशवी काढली' समजला तर गर्भाशयच गेलं!

आता 'युजेनिक्स'. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1883 साली घडवलेल्या या शब्दाला मराठीत 'सुप्रजननशास्त्र' म्हणतात. 'सु' आणि 'शास्त्र' या दोघांनी मिळून त्याला फारच सभ्य कपडे चढवले आहेत. डेक्कन कॉलेजच्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनच्या ज्या संस्थेत डॉक्टरेट केली, तिच्या नावातच युजेनिक्स होतं. तिथे 'सुप्रजनन' एवढंच लिहिलं तर वाचकाला ते प्रसूतिगृह वाटेल. प्रत्यक्षात तिचे संचालक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते; कर्व्यांच्या कवट्यांच्या मोजमापांतून मात्र वंशभेदाला आधार मिळाला नाही. मी 'वंशसुधारवाद' लिहीन आणि पहिल्यांदा येताना शेजारी 'युजेनिक्स' ठेवीन. 'वाद' म्हटलं की वाद घालता येतो.

गर्भपाताचा याच्याशी संबंध जोडताना जपून. नाझी जर्मनीत 1933च्या कायद्याने सक्तीची नसबंदी आली, 1935च्या दुरुस्तीने 'आनुवंशिक दोष' ठरवलेल्या स्त्रियांच्या गर्भपाताला वाट मिळाली. 'निरोगी' जर्मन स्त्रीला मात्र त्याच राजवटीत तो जवळजवळ अशक्य होता. कोणी जन्मावं हे बाईऐवजी सरकार ठरवत होतं. वंशसुधारवाद तिथे आहे. लिंगनिवडीत नकोशा जिवाची निवड आहे, पण ती बहुधा घरच्यांच्या दबावाची; तिला सरसकट वंशसुधार म्हणणं ताणलेलं वाटतं.

खरी अडचण आपल्या गर्भपाताच्या कायद्यातल्या व्यंगाच्या कलमाशी येते. गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर गर्भपाताला एरवी असलेली 24 आठवड्यांची मर्यादा लागत नाही. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांना इथे वंशसुधाराचा वास येतो, आणि तो निराधार नाही. बाईचा निर्णय तिच्याकडेच राहावा या मताचा असूनही मला तो आक्षेप झटकता येत नाही. निदान भाषेत तरी भर घालू नका. 'व्यंग असलेलं मूल टाळण्यासाठी' असं लिहिलं की जगातल्या एका प्रकारच्या माणसांना आपण नको म्हणतो. 'तपासणीत गर्भात गंभीर दोष आढळल्यास' हे पुरतं.

बाकी मजकूर साधा ठेवा : 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत, 20 ते 24 आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. सज्ञान स्त्रीची संमती पुरते. 'मिस्टरांची सही आणा' असं काउंटरवर सांगितलं जातं, पण ती अट कायद्यात नाही. हे वाक्य ठळक टाइपात छापा.