सोलायला सगळे, फोडणीला एकटी

"मावशी, नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं, म्हणून सध्या घोडबंदर रोडला मुलाकडे राहतो. श्रावणी सोमवारी उपास सोडायला वालाचं बिरडं, आणि वाल सगळ्यांनी मिळून सोलायचे, ही आमची जुनी पद्धत. सून ऐरोलीला नोकरीला आहे, आठपर्यंत घरी येते. गेल्या सोमवारी तिनं येताना सोललेले वाल विकत आणले. मी म्हटलं, 'आमच्याकडे असं चालत नाही.' तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. मुलगा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. माझं काय चुकलं?"
– एक सासू, ठाणे

ताई,

विचारलंत म्हणून सांगते, चुकलं ते 'आमच्याकडे'. ती वाल घेऊन आली ती तिच्याच घरी. ऐरोलीहून लोकलनं ठाण्याला उतरायचं, बसच्या रांगेत उभं राहायचं, पुढे माजिवडा आणि कापूरबावडीला अडकायचं. एवढ्या सगळ्यात तिला तुमच्या उपासाची आठवण राहिली. मी असते तर इडलीचं पीठ घेऊन आले असते.

सोललेल्या वालांनी बिरडं काही बाटत नाही. भाजीवालीकडचे वाटेही कुणीतरी पाण्यात बोटं सुरकुतेपर्यंत बसून सोललेलेच असतात.

पण तुम्हाला वालांचं दुःख नाहीये, हे मला कळतं. नौपाड्याच्या घरात परातीभोवती जी माणसं बसायची, ती तुम्हाला हवी आहेत. मग सोमवारचा हट्ट सोडा. शुक्रवारी रात्री पाव किलो कडवे वाल भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. रविवारी दुपारपर्यंत मोड येतील, तेव्हा कोमट पाण्यात टाका आणि परात हॉलमध्ये आणा. चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते, कधी सोफ्याखाली जाते. जाऊ दे. सोललेल्या डाळिंब्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. सोमवारी उरते फक्त फोडणी. आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणाऱ्या चिरंजीवांना विळीवर नारळ खवायला बसवा. नुसती चव बघायला येणारा माणूस मदतीत धरायचा नाही.

आता खरी अडचण. तुमच्या पत्रात सोलायला 'सगळे' आहेत, फोडणी कोण करतं ते लिहिलेलं नाही. तुम्हीच ना? ओळखलं, कारण आमच्याकडेही तेच होतं. लग्नानंतर सात वर्षं मी नुसती सोलत होते. कढईला हात लागला तो सासूबाईंचा हात मोडला तेव्हा. त्या प्लास्टर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि आमसुलं किती ते बोटांनी दाखवत राहिल्या. तरी माझी दोन जास्तच पडली. सासरे काही न बोलता जेवले, आणि पुढच्या सोमवारसाठी मी स्वतःहून वाल भिजत घातले.

तेव्हा येत्या सोमवारी फोडणी सुनेला करू द्या. श्रावण आहे, म्हणजे कांदा-लसूण नाही. हिंग, जिरं, हळद, वर गूळ-आमसूल आणि ओलं खोबरं. झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची. डाव घालून ढवळायचं नाही, डाळिंब्या मोडतात. कढईचे कान धरून हलवायचं. हे तिला सांगा, पण एकदाच. नंतर ओट्यापाशी उभ्या राहू नका. गॅलरीत जा, वाती वळा, काहीही करा.

त्याआधी मात्र, आज रात्री ती घरी आली की चहा टाका आणि म्हणा, "त्या दिवशी मी जरा तोडून बोलले." एवढंच. त्यापुढे 'पण' जोडू नका.

आणि सोमवारी बिरड्यात मीठ कमी लागलं, तर पानात वाढून घ्या.

– मावशी