आईच्या घरात कॅमेरा लावू का?

"आई रात्री पडली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. आता घरात कॅमेरे लावू का?" परगावी राहणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत येतो. या वेळी मुलगी बंगळूरला, आई सांगलीत एकटी, वय 76. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हॉलमध्ये एक कॅमेरा खरं तर आधीच बसवला होता. काकूंनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

काकूंशी मी वेगळं बोलले. "पडले हे कळलं की मला इथून हलवतील," त्या म्हणाल्या. पुन्हा पडायला नको म्हणून त्यांनी संध्याकाळचं फिरणं, देवळात जाणं, सगळं बंद केलं होतं. याचीच मला जास्त काळजी वाटली. माणूस भीतीने बसून राहिला की पायांतली ताकद जाते, तोल बिघडतो आणि तो पडण्याचा धोका उलट वाढतो.

मुलीची धास्तीही खोटी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वाधिक. पण कॅमेरा काय, पडल्याचं ओळखणारं घड्याळ काय, दोन्ही पडून झाल्यावर कामाला येतात. जमिनीवर तासन्‌तास पडून राहणं टळतं, हेही थोडं नाही. तरी आधी पडूच नये म्हणून काय करता येईल ते बघू, असं मी तिला सांगितलं.

काकू पडल्या कशा? पहाटे लघवीला उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि दिव्याचं बटण पार दाराजवळ. मग पलंगापासून बाथरूमपर्यंत, पाय खाली टेकताच आपोआप लागणारे सेन्सरचे छोटे दिवे बसवले. घरातल्या बीपीच्या मशीनवर आडवं असताना, आणि उभं राहिल्यावर 1 व 3 मिनिटांनी बीपी मोजायला शिकवलं. तेव्हा शेजारच्या वहिनी जवळ थांबायच्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. काकूंचा उतरत होता. वहीतल्या नोंदी पाहून डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बदलल्या. (आपल्या मनाने गोळी बंद करू नका, कृपा करून.) फिजिओथेरपिस्ट आता व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेतात: खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं.

कॅमेरा काढला. घड्याळ काकूंनी स्वतःहून घेतलं, पण एका अटीवर: फोन आधी वहिनींना जायचा, मग लेकीला. मुलीला हे लागलं, पण तिने मानलं. दुपारी टीव्ही बघताना काकू घड्याळ चार्जिंगला लावतात, म्हणजे रात्री ते हातात असतं. बाथरूममध्ये धरायला दांडा मात्र अजून बसायचाय. पुढच्या महिन्यात मुलगी येईल तेव्हा तो काकूंच्या हाताच्या उंचीवर बसवून घेणार आहे.